त्रिकोण एक, अर्थ तीन



एरवी या सदरात आपण बी-बियाणे, खत आणि फवारणी यांविषयी बोलतो. आज औषधाच्या पाकिटावरच्या खुणांविषयी बोलायचे आहे, आणि त्यातही दिवस गेलेल्या बाईने जपायच्या खुणांविषयी. कृषी खात्याच्या माणसाचे यात काय काम, असे कोणी विचारील. काम एवढेच, की डब्यावरची खूण लोकांना समजावून सांगणे हा आमच्या नोकरीचा जुना भाग आहे. छापणारा एक अर्थ मनात धरून खूण छापतो आणि वाचणारा दुसराच अर्थ काढतो, हे आम्ही बांधावर उभे राहून वर्षानुवर्षे पाहत आलो. घरातल्या गोळ्यांच्या बाबतीतही तसेच होते. तेथे मात्र नुकसान पोटातल्या लेकराचे असते.

आधी आपल्या ओळखीच्या डब्यापासून सुरुवात करू. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. लाल खुणेवर कवटी आणि हाडेही असतात. १९७१ सालच्या कीटकनाशक नियमांपासून ही खूण चालत आली आहे. आता गावात जाऊन विचारा. कितीतरी जण सांगतील, "लाल म्हणजे जालीम, म्हणजे अळी लवकर मरते." धोक्याची खूण आमच्या भावांनी ताकदीची खूण म्हणून वाचली. काहींनी हिरव्याचा अर्थ 'बिनविषारी' असा घेतला आणि उघड्या हाताने द्रावण ढवळले. २०१७ साली आपल्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. त्यामागे कारणे अनेक होती, पण त्या डब्यांवरही खुणा छापलेल्या होत्याच.

आता दुसरा त्रिकोण पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, जुन्या एस. टी. गाड्यांवर आणि निरोधच्या पाकिटावर टोक खाली असलेला लाल त्रिकोण तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. ती कुटुंबनियोजनाची खूण. १९६० नंतरच्या दशकात ती देशभर रंगवली गेली आणि निरोध १९६८ साली बाजारात आला. अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही हा त्रिकोण कळतो. तिच्या मनात त्याचा अर्थ पक्का बसलेला आहे, की पाळणा लांबवण्याचे काहीतरी येथे मिळते.

तिसरा त्रिकोण परदेशातला आहे. फ्रान्स देशात २०१७ पासून गर्भाला अपाय करणाऱ्या औषधांच्या खोक्यावर पोटुशी बाईचे चित्र छापतात. लाल त्रिकोणात चित्र असेल तर औषध धोक्याचे, आणि लाल गोलात चित्रावर आडवी रेघ मारलेली असेल तर गरोदरपणी मुळीच घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे असे चित्र सगळ्या औषधांवर छापलेच पाहिजे असा सरसकट नियम नाही. पण काही पाकिटांवर ते दिसते आणि पुढे आणखीही दिसू लागेल. म्हणून आपल्या बायका ते कसे वाचतात, हे आधी पाहायला हवे.

काटोल तालुक्यातल्या एका गावी बचतगटाच्या बैठकीत गांडूळखताचे बोलणे आटोपल्यावर मी फळ्यावर खडूने तसे चित्र काढले. बाईची आकृती, पुढे आलेले पोट, भोवती गोल आणि त्यावर तिरपी रेघ. विचारले, "औषधाच्या पाकिटावर हे असेल तर काय समजाल?"

पहिली म्हणाली, "पोट राहू नये म्हनून गोळी असन जी."

तिच्या मागे बसलेली एक वयस्क बाई म्हणाली, "नाही जी साहेब, हे पाडायची असन. बाईवर फुली मारली नाही का!"

तिसरीने सांगितले, "पोटुशी बाईनं वझं उचलू नये, असं सांगत असन."

दहावी झालेल्या एका सुनेने मात्र बरोबर सांगितले, की गरोदर बाईने ही गोळी घेऊ नये. सगळ्यांनी मान डोलावली. पण तिनेच पुढे विचारले, "साहेब, चित्रातल्या बाईचं तर पोट दिसते. जिची पाळी नुसती चुकली आहे, अजून पोट दिसत नाही, तिनं घ्यावी का मग?"

या एका प्रश्नात त्या चित्राची सगळी उणीव आली. बाळाचे हात, पाय, हृदय, मेंदू यांची घडण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होते. पोट दिसू लागते तोवर ते काम बहुतेक उरकलेले असते. म्हणजे चित्र सांगते पाचव्या-सहाव्या महिन्याच्या बाईला, आणि खरी गरज असते ती पाळी चुकून चार दिवस झालेल्या बाईला.

पहिल्या दोघींना हसू नका. शिकल्यासवरल्या देशांतही बायकांनी हेच उत्तर दिले आहे. अमेरिकेत मुरुमांवरच्या एका गोळीच्या पाकिटावर असेच फुली मारलेल्या गरोदर बाईचे चित्र असे. त्या गोळीने गर्भात मोठे दोष निर्माण होतात. २००१ साली तेथे छापून आलेल्या एका पाहणीत अनेक बायकांनी ते पाकीट संततिनियमनाच्या गोळ्यांचे समजले. चुकीचा अर्थ लावणारी बाई ती गोळी घेणे टाळत तर नाहीच, उलट दिवस राहू नयेत म्हणून तीच गोळी घेते.

ब्राझील देशाची गोष्ट याहून कष्टाची आहे. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध निघाले. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते बिनधोक म्हणून विकले गेले. पुढे हात-पाय आखूड असलेली, काहींना ते नसलेली मुले जन्माला येऊ लागली. जगभरात अशा मुलांची संख्या दहा हजारांवर गेली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीने ते बाजारातून काढले. काही वर्षांनी कळले, की कुष्ठरोगात अंगावर दुखऱ्या गाठी आणि ताप आणणारी जी तीव्र प्रतिक्रिया येते, तिच्यावर हे औषध चांगले लागू पडते. म्हणून ते काटेकोर देखरेखीखाली परत आले. ब्राझीलमध्ये त्याच्या पाकिटावर फुली मारलेली गरोदर बाई छापली गेली, आणि कित्येक बायकांनी तिचा अर्थ गर्भ राहू न देणारी किंवा गर्भ पाडणारी गोळी असा लावला. साऱ्या जगाला धोका कळल्यानंतरही तेथे तशी मुले जन्मली.

वरोऱ्याचे आनंदवन, अमरावतीचे तपोवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर ही नावे आपल्या घराघरांत माहीत आहेत. म्हणून येथे एक खुलासा करतो. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगावर ज्या नेहमीच्या गोळ्यांचे पान देतात, ते हे औषध नव्हे. ते उपचार गरोदरपणातही चालू ठेवतात, भीतीने बंद करू नयेत.

आपल्या देशातही इशारा छापून भागले नाही, याचा दाखला आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत संप्रेरकांच्या जास्त मात्रेच्या गोळ्या आणि इंजेक्शने 'पाळी आणण्यासाठी' आणि दिवस गेले की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिली जात. गर्भाला त्यांपासून धोका असल्याचे आक्षेप होते. पाकिटावर तसा इशाराही छापला जाई, पण तो इंग्रजीत, आणि गोळी घेणाऱ्या बाईच्या हाती पाकीट येतच नसे. स्त्रियांच्या संघटना आणि आरोग्य क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९८२ साली सरकारने बंदीचा हुकूम काढला, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि अखेर १९८८ साली बंदी आली. मधली सहा वर्षे बायकांच्या हाती तो न वाचता येणारा इशाराच काय तो होता.

आता आपल्या घरात येणाऱ्या पाकिटाकडे पाहू. त्यावर मुख्यतः तीन खुणा दिसतात. डाव्या बाजूची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. इंग्रजी 'आर' अक्षराच्या पायाला काट मारलेली 'आरएक्स' ही खूणही तेच सांगते. तिसरी खूण म्हणजे काळ्या ठिपक्यांचा चौकोन. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक तीनशे ब्रँडच्या औषधांवर तो सक्तीचा झाला. मोबाइलने तो पाहिला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत कळते. या तिन्हींपैकी एकही खूण गरोदर बाईसाठी केलेली नाही. लाल रेघ नाही म्हणून गोळी पोटुशीला चालते, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल.

दुसरी अडचण कात्रीची. दुकानदार दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहते, मुदत दुसऱ्यावर, आणि सूचना छापलेले खोके दुकानातच राहते. काही ठिकाणी तर सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात. पुडीवर कसली खूण असणार?

तिसरी अडचण आपल्या रीतीची. बाजाराच्या दिवशी औषध आणायला घरधनी जातो आणि गोळी खाते घरची बाई. दुकानदाराला वाटते, की अंगदुखीची गोळी समोरच्या पुरुषालाच हवी आहे. घरधन्याला ठाऊक नसते, की बायकोची पाळी चुकली आहे. सुनेला ठाऊक असते, पण तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही असे सासूने बजावलेले असते. ज्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त जपायचे, तेच महिने आपण मुठीत झाकून ठेवतो. दृष्ट लागू नये म्हणून गावाला सांगू नका, ते तुमच्या मनावर आहे. पण डॉक्टर, नर्सबाई, आशाताई आणि औषध आणणारा नवरा, या चौघांना सांगायलाच हवे.

आईला बाधत नाही ते बाळाला कसे बाधेल, असा प्रश्न मला अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर तुमच्या शेतात आहे. २,४-डी हे तणनाशक ज्वारी-गव्हात योग्य वेळी मारले तर तण मरते, पीक उभे राहते. पण त्याचा नुसता वारा शेजारच्या कपाशीला लागला तरी पाने आक्रसून बोटांसारखी वेडीवाकडी होतात. औषध तेच, मात्रा नावापुरती, पण पीक वेगळे. आई आणि पोटातले बाळ यांचेही असेच समजा. आईचे अंग जे पचवते, ते घडण चालू असलेल्या अंगाला पचेलच असे नाही.

नेहमीच्या काही औषधांची नावे सांगतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या अंगदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या गरोदरपणी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शेवटच्या महिन्यांत तर त्या बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला आणि मूत्रपिंडांना बाधतात. कापूस वेचून पाठ धरली की हीच गोळी आधी हाती येते, म्हणून मुद्दाम लिहितो. टेट्रासायक्लिन जातीच्या औषधांनी बाळाचे दात कायमचे पिवळे पडू शकतात. रक्तदाबावरच्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या बदलून घ्याव्या लागतात. फिटवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाने बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष येऊ शकतो आणि त्याच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. मूल हवे असेल तर हे औषध आधीच थांबवण्याचा सल्ला डॉक्टर सहसा देतात.

येथे हात जोडून एक विनंती. हे वाचून चालू असलेली गोळी उद्या सकाळी फेकून देऊ नका. फिटची गोळी एकदम बंद केली तर मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. क्षयाची, थायरॉइडची, रक्तदाबाची औषधे बंद करूनही हानी होते. औषध बदलायचे, कमी करायचे की तसेच ठेवायचे, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त त्यांना वेळेवर सांगा. शक्य तर दिवस राहण्याआधीच सांगा.

लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तर आईसाठी आणि बाळासाठीच दिलेल्या असतात. लोहाच्या गोळीने बाळ काळे होते, ही निव्वळ समजूत आहे. शौचाला काळे होते ते गोळीतल्या लोहामुळे, बाळाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही.

मग करायचे काय? खुणेवर विसंबून भागत नाही, म्हणून एक वाक्य पाठ करायचे. बाईने म्हणायचे, "माझी पाळी चुकली आहे," किंवा "मला दिवस आहेत, हे औषध चालेल का?" पुरुष औषध आणायला गेला तर त्याने म्हणायचे, "औषध बाईसाठी आहे, दिवस असू शकतात." दवाखाना असो, औषधाचे दुकान असो की शेजारणीने दिलेली गोळी असो, हे वाक्य आधी आणि गोळी मागून. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते बोलता येते.

त्याबरोबर चार गोष्टी पाळा.

पहिली. पाळी चुकली की आशाताईकडे जा. तिच्याकडे लघवीच्या तपासणीची पट्टी असते, पैसे पडत नाहीत. नक्की कळेपर्यंत दिवस आहेत असेच धरून औषधांना जपा.

दुसरी. माता बाल संरक्षण कार्ड मिळाले की ते ट्रंकेत ठेवू नका, दवाखान्यात जाताना पिशवीत ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही योजना चालू आहे. त्या दिवशी घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. वैदूचा काढा आणि चूर्णही न्या.

तिसरी. दुकानदाराला नाव असलेला तुकडा मागा. गोळी संपेपर्यंत तो जपा. पट्टीवर पेनाने कोणासाठी आणि कशासाठी ते लिहून ठेवा. गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने घेऊ नका.

चौथी. चुकून एखादी गोळी घेतली गेली तर घाबरू नका आणि घाबरून गर्भ पाडण्याचा विचार करू नका. एखाद्या गोळीने काही बिघडले नाही असे पुष्कळदा डॉक्टर तपासून सांगतात. पट्टी घेऊन लवकर दाखवा. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर तो कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

आणि माझ्या खात्याचे एक सांगणे. दिवस गेलेल्या बाईने फवारणीचे द्रावण कालवू नये, पंपात भरू नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत. पाणी आणून देणाऱ्या बाईलाही फवारा लागतो. घरच्या गोळ्यांचा डबा आणि कीटकनाशक एका फळीवर तर कधीच ठेवू नका.

बचतगटाच्या, अंगणवाडीच्या किंवा हळदीकुंकवाच्या बैठकीत तुम्हीही फळ्यावर ते चित्र काढून पाहा. बायकांना अर्थ विचारा आणि उत्तरे आशाताईला सांगा. कोणाचे उत्तर चुकले तर तिच्यावर रागावू नका. त्या बाईशी आधी कोणी बोलले नव्हते, एवढेच त्यातून समजते.

पुढच्या अंकात फवारणी पंपाची निगा आणि नोझलची निवड यांविषयी लिहीन.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी), नागपूर जिल्हा